आधी तापव, मग विचार

आमच्या ओळखीत दुधाबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कॅल्शियमचाही नसतो आणि प्रोटीनचाही नसतो. "पिशवीचं दूध तापवायलाच हवं का?" हा असतो. विचारणारी मंडळी पंचविशी-तिशीतली, नव्यानं घर मांडलेली. त्यांनी पिशवीवरचा 'पाश्चराइज्ड' हा शब्द वाचलेला असतो. त्यांच्या आयांनी तो वाचायच्या फंदात न पडता पिशवीचा कोपरा कापला, दूध पातेल्यात ओतलं, पिशवीत घोटभर पाणी घालून ती विसळली, तेही पातेल्यात घातलं आणि गॅस पेटवला.

पुस्तकातलं उत्तर सरळ आहे. डेअरीत दूध ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद तापवतात आणि लगेच ४ अंशांच्या आसपास गार करतात. तेवढ्यात रोग पसरवणारे जंतू मरतात. दूध आंबवणारे थोडे उरतात, म्हणून तर पिशवी फ्रिजमध्ये ठेवूनही दोन-तीन दिवसांनी कुरकुर करायला लागते. तेव्हा डेअरीतून निघालेली पिशवी गारच्या गार घरी पोचली असेल, तर न तापवता प्यायला काहीच हरकत नाही.

पण ती गार पोचते कुठं? पहाटे टेम्पो येतो, बंद दुकानाच्या पायरीवर क्रेट टाकून जातो. दुकान उघडतं तासा-दीड तासानं. मग पोऱ्या सायकलवरून घरोघरी फिरतो आणि दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत दूध टाकतो. रविवारी आपण दार उघडतो साडेआठला. मे महिन्यातला पुण्याचा उन्हाळा धरा, आणि त्या पिशवीत काय काय उद्योग चालले असतील याचा अंदाज घ्या. म्हणून मी तापवते, आणि विचारणाऱ्यालाही तापवच म्हणते. निरसं दूध थेट गोठ्यातून येत असेल तर प्रश्नच नाही, तापवायचंच. धारोष्ण दुधाचं कितीही कौतुक ऐकलं असलं, तरी ब्रुसेलोसिस आणि जनावरांचा क्षय हे दोन्ही निरशा दुधातून माणसात येतात.

मात्र एकदा उकळी आली की पुरे. दिवसातून तीनदा दूध तापवायची आपली सवय फ्रिज नव्हते तेव्हाची. सकाळी, दुपारी, निजायच्या आधी. दूध दुसऱ्या दिवसापर्यंत टिकवायला दुसरा इलाजच नव्हता. आता फ्रिजमधून हवं तेवढंच काढून कोमट करावं. पुन्हा पुन्हा उकळल्यानं कॅल्शियम आणि प्रथिनं कुठं जात नाहीत. बी गटातली काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात आणि दुधाला शिजल्याचा वास येतो. आणि हो, पातेलं आधी पाण्यानं विसळून ओलंच गॅसवर ठेवावं, दूध बुडाला कमी लागतं. लागलंच, तर ती खरवड कुणाच्या वाट्याला यायची यावरून आमच्याकडे भांडणं व्हायची, ते आता नॉनस्टिकवाल्यांना सांगून कळायचं नाही.

तापवण्याचा दुसरा उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गावातल्या दूध संकलन केंद्रावर एखाद्या कॅनबद्दल शंका आली, तर त्यातलं थोडं दूध काचेच्या नळीत घेऊन ती नळी उकळत्या पाण्यात धरतात. गुठळ्या दिसल्या की कॅन परत. या तपासणीला तिथं सीओबी म्हणतात, म्हणजे 'क्लॉट ऑन बॉइलिंग'. आपल्याकडची प्रत्येक बाई रोज सकाळी हीच तपासणी करत आली आहे, फक्त तिचं नळीभराऐवजी लिटरभर जातं. दूध कुठल्या गोठ्यातलं, किती वाजता काढलं, वाटेत किती वेळ उन्हात होतं, हे कळायचा तिला काही मार्ग नसतो. पातेल्यातलं दूध नीट वर आलं की सगळ्यांचा कारभार ठीक झाला असं समजायचं. फाटलं, तर कुठंतरी कुणीतरी हयगय केली. 'तापवू का?' या प्रश्नाच्या पोटात खरा प्रश्न असतो तो 'भरवसा ठेवू का?' हा. आणि त्याचं उत्तर लेबलावर मिळत नाही.

"गार होतं तोवर छान होतं, तापवलं आणि नासलं" ही तक्रार सगळ्यांचीच. याचं कारण दुधातल्या केसीन या प्रथिनात आहे. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं. त्याचे बारीक बारीक कण एकमेकांना दूर लोटत दुधात तरंगत असतात. जंतू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि तसतशी ही दूर लोटण्याची ताकद कमी होत जाते. गार दुधाचं दही व्हायला आंबटपणा बराच वाढावा लागतो. ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.७ असतो, तो ४.६ च्या आसपास यावा लागतो. पण दूध उकळत असेल, तर त्याच्या फार आधी, जिभेला कळणारही नाही एवढ्या आंबटपणाला ते हात टेकतं. म्हणजे तापवल्यानं दूध नासत नाही. ते नासायच्या वाटेवर होतंच, तापवल्यावर कळलं इतकंच.

हे एकदा डोक्यात बसलं की स्वयंपाकघरातली निम्मी कोडी सुटतात. कालचं उरलेलं दूध आजच्या ताज्यात ओतू नये, ते का, हे कळतं. गुळाचा चहा का फाटतो तेही. गुळात थोडं आम्ल असतं, क्षार असतात, आणि एकेका ढेपेचा स्वभाव वेगळा. म्हणून दूध घालून चहा पुरता उकळावा, गॅस बंद करावा आणि मग गूळ घालून ढवळावं. किंवा गूळ कपात घालून वरून चहा ओतावा. गव्हल्यांच्या खिरीत गूळ घालायचा तर खीर आधी निवू द्यावी. कोकणात शिरवाळ्यांबरोबर गूळ घातलेला रस असतो तो नारळाच्या दुधाचा. तिथं केसीनच नाही, त्यामुळे फाटायची धास्ती नाही. टोमॅटोच्या सारात दूध घालणाऱ्यांनीही टोमॅटोवर दूध ओतण्याऐवजी कोमट दुधात सार थोडं थोडं ओतावं, आणि मग उकळू नये.

मिठाचं मात्र उगाच नाव खराब झालंय. 'दुधात मिठाचा खडा' आपण भाषेत इतका वापरला की चिमूटभर मीठ पडलं की दूध फुटतं अशीच सगळ्यांची समजूत. काश्मिरात नून चहा पितात, त्यात दूधही असतं, मीठही असतं, सोडाही असतो. जुन्या बायका दूध नासायच्या बेतात आहे असं वाटलं की चिमूटभर खायचा सोडा टाकायच्या. त्यानं आंबटपणा मारला जातो आणि दूध एक उकळी निभावून नेतं. घरात हे चालून जातं. विकायच्या दुधात तेच केलं तर ती भेसळ, कारण मग शिळं दूध ताज्याचा आव आणून तपासणीतून सुटतं.

आणि नासलंच तर? वास घ्यायचा. वास दुधाचाच असेल, तर गाळून पनीर करा, नाहीतर साखर घालून आटवा. गाळून उरलेल्या पाण्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात. वास आंबूस-कडवट असेल, चमच्याला तार येत असेल, तर जीव जाळू नका, ओतून टाका.

आता खरवसाबद्दल थोडं सविस्तर, कारण 'खरवस घट्ट होतो तो कशानं?' हा प्रश्न मला लहान मुलांनीही विचारलाय आणि भल्या भल्या सुगरणींनीही. बाहेरून काहीच घालावं लागत नाही. गाय-म्हैस व्यायल्यावरचा पहिला चीक दिसतोच वेगळा: पिवळसर, दाट, बोटाला चिकटणारा. नेहमीच्या दुधात प्रथिनं तीन-साडेतीन टक्के असतात, गाईच्या पहिल्या चिकात ती १४ टक्क्यांच्या आसपास जातात. त्यातली बरीचशी केसीन नसून रोगाशी लढणारी प्रथिनं असतात, आणि ती तापली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट बसतात. म्हणून पहिल्या दिवसाच्या चिकात बरोबरीनं, कधी त्याहून जास्त दूध घालावं लागतं, नाहीतर खरवस चामट होतो. दुसऱ्या दिवशी दूध कमी. तिसऱ्या दिवशीचा चीक तसाच लावला तरी जेमतेम धरतो. किती दूध घालायचं हे ठरवायला आमच्याकडे आधी वाटीभर चीक गॅसवर तापवून बघायचे. लगेच गच्च झाला तर सढळ हातानं दूध, सैल राहिला तर बेतानं. मग किसलेला गूळ विरघळवायचा, गाळून घ्यायचं, वेलची-जायफळ, आणि कुकरला शिटी न लावता वाफ. मधोमध सुरी घालून बघायची, कोरी आली की झालं.

दुकानात मिळणाऱ्या कित्येक वड्यांत चायना ग्रास असतं. ते लगेच कळतं. खऱ्या खरवसाला बारीक जाळी पडते आणि सुरी लावली की कडेनं थोडं पाणी सुटतं. चायना ग्रासची वडी काचेसारखी कापली जाते. मला ती आवडत नाही, पण एका बाबतीत तिचं बरं आहे: तिच्यासाठी वासराच्या तोंडचा चीक काढावा लागत नाही. वासराला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी या चिकातून मिळते, आणि तीही जन्मल्यावर पहिल्या काही तासांत. आमच्याकडे चीक घेऊन येणारे गवळीबुवा "वासरू प्यालंय" असं आपणहून सांगायचे, तेव्हा आम्ही भांडं पुढं करायचो.

माझी भाची जर्मनीत असते. तिचा पहिल्या वर्षीचा फोन असा: "मावशी, इथं दूध फ्रिजमध्ये नसतं, नुसतं फळीवर ठेवलेलं असतं. काहीतरी घातलेलं असणार ना?" काही घातलेलं नसतं. ते दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवलेलं असतं आणि निर्जंतुक खोक्यात हवाबंद केलेलं असतं. आपल्याकडचे टेट्रापॅक तेच. खोकं फोडलं की मात्र ते चारचौघांसारखं दूध, फ्रिजमध्येच ठेवायचं. तिची दुसरी तक्रार जास्त गंभीर होती: साय येत नाही. येणार कशी? दाब देऊन त्यातल्या स्निग्धाचे गोळे इतके बारीक केलेले असतात की ते वर येऊन जमतच नाहीत. आता ती बिनमिठाचं लोणी विकत आणून कढवते. तूप उत्तम होतं, आणि बेरीसुद्धा निघते. ती साखर घालून खाताना तिचा जर्मन नवरा काय म्हणतो ते विचारायचं राहिलंय.

तिचं दही मात्र आधी पातळ व्हायचं, कारण तिथलं दूध आयतंच पिण्याजोगं, म्हणून ती ते नुसतं कोमट करून विरजण लावायची. मी म्हटलं, अगं, आधी तापव, चांगलं वर येऊ दे, मंद आचेवर पाचेक मिनिटं राहू दे, मग कोमट झाल्यावर विरजण लाव. दूध असं कडकडीत तापलं की केसीन सोडून उरलेली प्रथिनं उलगडतात आणि केसीनच्या कणांना जाऊन चिकटतात. त्यामुळे दह्याची वीण घट्ट होते आणि पाणी कमी सुटतं. दह्याचे कारखानेही दूध ८५-९० अंशांवर बराच वेळ ठेवतात ते यासाठीच. जंतूंसाठी तापवणं जिथं गरजेचं नाही, तिथंही दह्यासाठी आहे.

पिशव्यांच्या रंगांचा गोंधळ थोडक्यात मिटवू. फुल क्रीम म्हणजे कमीत कमी ६ टक्के फॅट, स्टँडर्डाइज्ड म्हणजे साडेचार, टोन्ड म्हणजे ३, डबल टोन्ड म्हणजे दीड. फॅट आणि पाणी सोडून उरणारा ऐवज, ज्याला दूधवाले एसएनएफ म्हणतात, तो सगळ्यांत साडेआठ-नऊ टक्केच असतो, आणि प्रथिनं, कॅल्शियम त्यातच असतं. तेव्हा डबल टोन्ड पिणाऱ्याची हाडं उपाशी राहत नाहीत. बासुंदीला फुल क्रीम, चहाला काहीही.

"टोन्ड म्हणजे पाणी घातलेलंच ना?" असं आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणतात, आणि ते अगदीच चूक नाहीत. टोन्ड दुधाचं श्रेय जातं मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी यांना. मुंबईत दूध म्हशीचं, दाट आणि महाग, आणि पिणारी तोंडं फार. त्या दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी घालायची; स्निग्धता उतरते, एसएनएफ टिकतो, एका लिटरचे जास्त लिटर होतात आणि भावही खाली येतो. गवळ्याच्या पाण्यात आणि या पाण्यात फरक भुकटीचा, आणि सांगून घालण्याचा. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर नेण्यासाठी गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली, तिचं उद्घाटन १९५१ मध्ये नेहरूंच्या हस्ते झालं. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार अमूलच्या कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर खुरोडींनाही मिळाला होता. कुरियन सगळ्यांना माहीत असतात, खुरोडी मुंबईकरांनाही आठवत नाहीत.

ए-टू दुधाबद्दल विचारलं की माझा आवाज जरा चढतो. बीटा-केसीन नावाच्या प्रथिनात ६७ व्या जागेवर कुठलं अमिनो आम्ल आहे एवढ्यावर ए-वन आणि ए-टू ठरतं. ए-वनमुळे रोग होतात हे सिद्ध झालेलं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २००९ मध्ये सगळी कागदपत्रं तपासून तसंच सांगितलं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑगस्ट २०२४ मध्ये ए-वन, ए-टू असे दावे पाकिटांवरून काढा असं फर्मान काढलं आणि पाचच दिवसांत मागं घेतलं, तो गोंधळ वेगळाच. पण गंमत अशी की आपल्या देशी गाईंचं दूध बहुतांशी ए-टूच असतं आणि म्हशीचं तर जवळजवळ सगळंच. काचेच्या बाटलीतल्या दुधाला दुप्पट पैसे मोजणाऱ्यांनी कोपऱ्यावरच्या म्हशीचं दूध घेतलं तरी तेच पदरात पडेल. बाटली सुंदर असते, हे कबूल.

मासे आणि दूध? इथं मी जपून बोलते, कारण हा प्रश्न घरातल्या मोठ्यांसमोर विचारला जातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात यावर चक्क वाद आहे. भद्रकाप्य म्हणतो, चिलिचिम सोडून बाकीचे मासे दुधाबरोबर चालतील. आत्रेय म्हणतात, नाही, कुठलेच नकोत. म्हणजे जेवणाच्या पाटावरची आपली भांडणं किती जुनी आहेत बघा. मासे-दुधानं कोड उठतं याला मात्र आजच्या वैद्यकात आधार नाही. कोड हा शरीरानं आपल्याच पेशींवर उलटण्याचा आजार आहे. तरीही पापलेटचं कालवण आणि खीर मी एका पानात वाढत नाही. चवीला ते बरं लागत नाही, एवढं कारण मला पुरतं. शिकरणावरून कुणी विरुद्ध आहाराची यादी काढली, तर मी ती यादी घडी घालून ठेवते आणि केळं कुस्करते.

राहता राहिलं दूध न सोसण्याचं. आपल्याकडच्या पुष्कळ मोठ्या माणसांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी झालेलं असतं. म्हणून चहापुरतं दूध चालतं, पेलाभर घेतलं की पोट फुगतं. दही लावताना ती साखर बरीच खर्ची पडते, ताकात तर अजून कमी. लहान मुलांची गोष्ट उलटी असते. तिथं दूध जास्त होऊन बसतं. दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि दिवसभर बाटलीवर राहणारं दोन वर्षांचं मूल जेवत नाही, मग रक्त कमी होतं. जेवण आधी, दूध मागून.

आमच्या शेजारच्या काकू सत्तरीच्या. हाडं ठिसूळ झालीयत असं कळल्यापासून रोज रात्री मोठा पेला भरून दूध, आणि मग रात्रभर पोटात गुडगुड. आम्लपित्तावर गार दूध बरं म्हणून सकाळी आणखी अर्धा पेला. त्यानं घटकाभर थंड वाटतं खरं, पण मागोमाग पोट आणखी आम्ल सोडतं. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला: १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम, दिवसाला हवं १००० च्या घरात, १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास, तीळ त्याच्याही वर. वाटीभर दही दुपारी, नाचणीची भाकरी, भाजीवर तिळाचं कूट, जेवणावर ताक, आणि रात्रीचा पेला बंद. गोळ्या डॉक्टर सांगतील तशा चालूच ठेवायच्या. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि ताकाला फोडणी दिली तर चालेल का, एवढंच विचारलं. चालेल म्हटलं, जिऱ्याची द्या.